आजी जन्नतमध्ये जातील का? ईश्वर आणि नजातविषयी ख्रिस्ती, कॅथलिक व इस्लामी श्रद्धा

आमच्या वसईच्या इमारतीत तळमजल्यावर एक कॅथलिक आजी राहत असत. आमचा त्यांचा शेजार तीस वर्षांचा. ईदला शीरखुर्म्याचा डबा खाली जायचा आणि नाताळला केक व करंज्यांचे ताट वर यायचे. आमची मुले त्यांच्या ओटीवर खेळून मोठी झाली. गेल्या वर्षी आजी वारल्या. आम्ही चर्चच्या आवारात गेलो, मुलाचे सांत्वन केले आणि घरी परतलो.

रात्री जेवताना आमच्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "अब्बा, आजी जन्नतमध्ये जातील का?"

आम्ही घाईने म्हणालो, "बेटा, त्या ख्रिश्चन होत्या. ते लोक तीन देव मानतात."

मुलगी लगेच म्हणाली, "नाही. आजी तर नेहमी म्हणायच्या, देव एकच आहे."

आम्ही गप्प झालो. तीस वर्षे शेजारी राहिलेल्या माणसाची श्रद्धा आम्हाला धड सांगता आली नव्हती. वाचकहो, त्या रात्रीपासून आम्ही वाचायला लागलो, जाणकारांना विचारायला लागलो. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवत आहोत. कुणाला हरवण्यासाठी ही तुलना केलेली नाही. कुरआनने ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच बोलण्याचा आदेश दिला आहे (सूरह अन्कबूत). आणि उत्तम रीतीची पहिली अट अशी, की समोरच्याने जे म्हटलेले नाही ते त्याच्या तोंडी घालायचे नाही.

'ख्रिश्चन' आणि 'कॅथलिक' वेगळे का?

आपल्याकडे बोलताना 'ख्रिश्चन' आणि 'कॅथलिक' हे दोन धर्म असल्यासारखे बोलले जाते. वास्तविक कॅथलिक हे ख्रिस्तीच आहेत. जगातील ख्रिस्ती लोकांत तीन मोठे प्रवाह आहेत. रोमच्या पोपना प्रमुख मानणारे ते कॅथलिक. ग्रीस, रशिया वगैरे भागांतील पूर्वेकडच्या जुन्या चर्चचे ते ऑर्थोडॉक्स. आणि सोळाव्या शतकात जर्मनीच्या मार्टिन ल्यूथरपासून सुरू झालेल्या सुधारणेतून निघालेले ते प्रोटेस्टंट. आपल्या भागात पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या वसई, गोवा, साष्टी इथले ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक आहेत, तर अहमदनगरच्या बाजूला अमेरिकन मिशनच्या कामातून उभी राहिलेली मंडळी प्रोटेस्टंट आहेत.

हा फरक आम्हाला पुस्तकात वाचण्याआधी घरातच दिसला. सातव्या दिवशी आजींच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा झाली. आजींचा मुलगा आम्हाला म्हणाला, "आईच्या आत्म्यासाठी आम्ही प्रार्थना करतोय." आमच्याच मजल्यावर नगरकडचे एक निवृत्त शिक्षक राहतात, ते प्रोटेस्टंट आहेत. ते हळूच म्हणाले, "आमच्यात मृतांसाठी अशी प्रार्थना नसते. विश्वास ठेवून गेलेला माणूस प्रभूजवळ पोहोचला, त्याचा हिशोब संपला." एकाच येशूला मानणारी ही दोन माणसे, पण मेलेल्या माणसाविषयी त्यांचे बोलणे वेगळे होते. असे का, हे समजले की पुढचे बरेच काही उलगडते.

ईश्वर एक, पण कसा?

आधी आमच्या मुलीने पकडलेल्या चुकीविषयी. ख्रिस्ती लोक स्वतःला तीन देवांचे उपासक म्हणवत नाहीत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या तिघांचाही दावा आहे की ईश्वर एकच आहे. त्या एका ईश्वरात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत, असे ते मानतात. याला मराठी ख्रिस्ती 'त्रैक्य' म्हणतात. पुत्र म्हणजेच येशू. तो निर्माण केलेला नसून पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असा निर्णय इ.स. ३२५ मध्ये नाइसिया येथील धर्मपरिषदेत झाला. त्या वेळी अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र हा पित्यासारखा अनादी नाही, तो निर्माण झालेला आहे. परिषदेने त्याचे मत फेटाळले. पुढे ४५१ च्या खाल्सिडन परिषदेत येशू पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मानव आहे, असे ठरले. म्हणजे ईश्वराविषयीच्या या श्रद्धेत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात मतभेद नाही.

आता इस्लामची भूमिका. ती स्पष्ट आहे आणि ती स्पष्टच सांगायला हवी. तौहीद म्हणजे अल्लाह आपल्या अस्तित्वात, गुणांत आणि उपासनेच्या अधिकारात एकटा आहे. त्याला संतती नाही, तो कुणाची संतती नाही, त्याच्या जोडीचे कुणी नाही. सूरह इख्लास आपण रोज नमाजमध्ये पढतो तेव्हा याचीच ग्वाही देतो. एक ईश्वर आणि त्यात तीन व्यक्ती, हे म्हणणे कुरआनला मान्य नाही. 'तीन' म्हणण्यापासून दूर राहा, अशी ताकीद सूरह निसामध्ये आहे.

पण त्याच आयतीत हजरत ईसा (अलै.) यांचा गौरवही आहे. ते मसीह आहेत, अल्लाहचे प्रेषित आहेत, मरियमकडे पाठवलेला अल्लाहचा शब्द आहेत आणि त्याच्याकडून आलेली रूह आहेत. ते पित्याविना जन्मले, पण त्यामुळे ते ईश्वराचे पुत्र ठरत नाहीत. हजरत आदम (अलै.) यांना तर आई आणि वडील दोन्ही नव्हते, ही आठवण सूरह आले इमरान करून देते. म्हणून एखाद्या मुसलमानाने ईसा (अलै.) यांचे नाव हलक्या शब्दांत घेतले, तर तो आपल्याच ईमानाला धक्का लावतो.

आजींच्या भिंतीवरची तसबीर

आजींच्या दिवाणखान्यात मरियमची मोठी तसबीर होती, तिच्यापुढे मेणबत्ती असे. दर सप्टेंबरला त्या वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जात. 'मरियमची पूजा करतात' असे आम्ही सरळ म्हणत असू. कॅथलिकांचे स्वतःचे म्हणणे असे, की उपासना फक्त ईश्वराची. मरियमचा मान राखायचा आणि तिने आपल्यासाठी ईश्वराजवळ प्रार्थना करावी अशी विनंती करायची. त्यांच्या श्रद्धेनुसार मरियम आपल्या आईच्या पोटात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती (हा सिद्धान्त पोपनी १८५४ मध्ये जाहीर केला) आणि आयुष्याच्या शेवटी ती देहासह स्वर्गात घेतली गेली (हा १९५० मध्ये). प्रोटेस्टंट यातले काहीच मानत नाहीत. मध्यस्थ एकटा ख्रिस्त, असे ते म्हणतात. त्यामुळे आमच्या शेजारच्या शिक्षकांच्या घरी मरियमची तसबीर नाही.

कुरआनमध्ये नावाने उल्लेख झालेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरियम. त्यांच्या नावाची एक संपूर्ण सूरह आहे. त्यांच्या पावित्र्याची साक्ष अल्लाहने दिली आहे. पण विनंती थेट अल्लाहकडे करायची, कारण तो जवळ आहे आणि हाक मारणाऱ्याचे ऐकतो. शफाअत इस्लामलाही मान्य आहे, मात्र ती अल्लाहच्या परवानगीनेच, हे आयतुल कुर्सीत आलेले आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावीशी वाटते. एखाद्या मजारीवर जाऊन कबरीतल्या बुजुर्गांकडेच मूल, नोकरी नाहीतर आजारातून सुटका मागणारे लोक आपल्यातही आहेत. शेजारणीच्या मेणबत्तीकडे बोट दाखवण्याआधी आपण हात कुणापुढे पसरतो, तेही पाहावे.

आजार कोणता समजला, तसा उपाय

'मुक्ती' म्हटले की मराठीत जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असा अर्थ मनात येतो. ख्रिस्ती बंधू 'तारण' म्हणतात, आपण 'नजात' म्हणतो. शब्द जवळचे वाटतात, पण सुटका कशापासून, या प्रश्नाची उत्तरे वेगळी आहेत. आमच्या समजुतीप्रमाणे सगळ्या फरकाचे मूळ इथे आहे.

ख्रिस्ती शिकवणीनुसार आदमच्या अवज्ञेनंतर सारी मानवजात ईश्वरापासून तुटली. याला पश्चिमेकडील चर्चने 'मूळ पाप' म्हटले. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) हा विचार विस्ताराने मांडला. आजची कॅथलिक शिकवण म्हणते की बाळाने स्वतः काही गुन्हा केला असा याचा अर्थ नाही, पण जी पवित्र अवस्था आदमने गमावली ती गमावूनच बाळ जन्माला येते. ऑर्थोडॉक्स लोक तर वारशाने आलेल्या दोषापेक्षा वारशाने आलेल्या मृत्यूविषयी अधिक बोलतात. पण मुद्दा एकच, की माणूस स्वतःच्या बळावर ही दरी ओलांडू शकत नाही. म्हणून ईश्वर स्वतः मानव झाला, वधस्तंभावर त्याने मानवाच्या पापांचे प्रायश्चित्त घेतले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. याचा अर्थ असा, की ख्रिस्ती श्रद्धेत येशूचे ईश्वरत्व आणि तारण या एकमेकींत गुंतलेल्या गोष्टी आहेत. एक काढली तर दुसरी उभी राहत नाही. केवळ 'येशूला ईश्वर का मानता?' असा वाद घालणाऱ्याला हे लक्षात येत नाही.

कुरआन आदम (अलै.) यांची हकीकत सांगतो, पण तिचा शेवट वेगळा आहे. आदम आणि हव्वा दोघांकडूनही चूक झाली, दोघांनीही ती कबूल केली, क्षमा मागितली आणि अल्लाहने क्षमा केली. प्रकरण तिथे मिटले. ते लेकरांच्या खात्यावर चढले नाही. प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे निर्मळ स्वभावावर जन्मते, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुणाचे ओझे दुसरा कुणी उचलणार नाही, हे तत्त्व कुरआनमध्ये अनेक ठिकाणी आले आहे. माणसाचा आजार वारशाचा नाही, तो विसरण्याचा आणि मनाच्या मागे लागण्याचा आहे. त्यावर उपाय म्हणून मार्गदर्शन हवे. त्यासाठी प्रेषित आले, ग्रंथ आले आणि तौबाचे दार उघडे ठेवले गेले. वधस्तंभाविषयी सूरह निसा सांगते की ईसा (अलै.) यांना ठार केले गेले नाही, सुळावरही दिले गेले नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. दोन धर्मांतला हा फरक गोड बोलून झाकता येण्यासारखा नाही.

मिस्सा कशासाठी होती?

तारण ख्रिस्तामुळे, यावर ख्रिस्ती लोकांचे एकमत आहे. ते माणसापर्यंत पोहोचते कसे, यावर मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात फूट पडली.

कॅथलिक शिकवणीत ईश्वराची कृपा चर्चच्या सात संस्कारांतून माणसाला मिळते. स्नानसंस्काराने मूळ पाप धुतले जाते. नंतर घडलेली गंभीर पापे धर्मगुरूपुढे कबूल करायची, तो ख्रिस्ताच्या नावाने क्षमा देतो. वर्षातून किमान एकदा हे पापनिवेदन करावे, असा नियम १२१५ मध्ये झाला. श्रद्धेबरोबर सत्कर्मेही लागतात. ईश्वराच्या कृपेत मरण आले, पण मनाची पूर्ण शुद्धी व्हायची राहिली, असा आत्मा स्वर्गाआधी शुद्धिस्थानातून जातो, आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. आजींच्या नावाची मिस्सा त्यासाठी होती. २ नोव्हेंबरला वसईची कबरस्तानेही मेणबत्त्यांनी उजळतात ती यासाठीच.

मध्ययुगाच्या अखेरीस या शुद्धिस्थानाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रे पैसे घेऊन वाटली जाऊ लागली. त्याविरुद्ध ल्यूथरने १५१७ मध्ये आपली पंचाण्णव विधाने मांडली. तारण केवळ कृपेने आणि केवळ विश्वासाने मिळते, कर्माने कमावता येत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत (१५४५–१५६३) त्याला उत्तर दिले. पुढे चार शतकांहून अधिक काळानंतर, १९९९ मध्ये, कॅथलिक चर्च आणि लुथरन चर्चच्या जागतिक संघाने एक संयुक्त निवेदन करून या प्रश्नावरची मूळ समजूत आता सामाईक असल्याचे जाहीर केले. भांडण युरोप पेटवण्याइतके मोठे होते, तरी लोक पुन्हा एकत्र बसले. आपल्या मसलकांच्या भांडणांत गुंतलेल्यांनी यावर थोडा विचार करावा.

नजात अमलाने की रहमतीने?

आपल्यात एक सोपे वाक्य फिरते: ख्रिस्ती धर्मात नुसता विश्वास पुरतो, इस्लाममध्ये अमल लागतो. हे वाक्य दोन्हीकडून अपुरे आहे. कॅथलिक शिकवणीत सत्कर्मांना स्थान आहे, हे वर आलेच. आणि आपल्याकडे? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना सांगितले की कुणाचाही अमल एकट्याने त्याला जन्नतमध्ये नेणार नाही. "आपल्यालासुद्धा नाही?" असे सहाबांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की त्यांनाही नाही, अल्लाहने आपल्या रहमतीने झाकून घेतले तरच. ही हदीसही बुखारी व मुस्लिममध्ये आहे.

ईमान हे मूळ, अमल ही त्याची फांदी आणि फळ देणारी अल्लाहची रहमत. फरक इतकाच, की ही रहमत मिळण्यासाठी कुणाच्या बलिदानाची अट नाही आणि क्षमा मिळवण्यासाठी मध्ये धर्मगुरू लागत नाही. रात्री तीन वाजता, घरातले सगळे झोपलेले असताना, मुसल्ल्यावर बसून माणूस तौबा करू शकतो. केलेल्या चुकीची लाज, ती सोडून देणे, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर तो परत करणे, या तौबाच्या अटी आहेत. शेवटची अट आपण फार लवकर विसरतो. बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवून नुसती तस्बीह फिरवल्याने हिशोब मिटत नाही.

आणि केवळ मुसलमान घरात जन्मलो म्हणून नजात पक्की, असेही नाही. ती ना तुमच्या इच्छेवर आहे ना ग्रंथधारकांच्या, वाईट करील त्याला त्याचा बदला मिळेल, अशा अर्थाचा इशारा सूरह निसात दिलेला आहे.

मग आजींचे काय?

आता मुलीच्या प्रश्नाकडे. आधी हे पाहू, की ते लोक आपल्याविषयी काय म्हणतात. चर्चबाहेर तारण नाही, असे मध्ययुगातील कॅथलिक चर्च कठोरपणे सांगत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ व १९६५ मध्ये वेगळा सूर लावला. मुसलमान एकाच जिवंत ईश्वराची उपासना करतात, त्यांच्याविषयी आदर बाळगावा आणि ईश्वराच्या तारणाच्या योजनेत त्यांचाही समावेश आहे, असे तिने म्हटले.

इस्लामची मूळ भूमिका अशी, की सत्याचा संदेश स्पष्टपणे पोहोचल्यावर जो तो जाणूनबुजून नाकारतो त्याला नजात नाही, आणि शिर्कवर मरण आले तर त्याची क्षमा नाही. हे आम्ही मुलीपासून लपवले नाही. पण संदेश 'पोहोचला' म्हणजे काय? इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी 'फैसलुत्तफरिका' या आपल्या ग्रंथात आपल्या काळातील रूमच्या (बायझंटाईन) ख्रिस्ती लोकांविषयी नेमका हाच विचार केला आहे. ज्यांनी प्रेषितांचे (स.) नावच ऐकले नाही, ते क्षम्य. ज्यांनी मुसलमानांजवळ राहून त्यांचे खरे चरित्र जाणले आणि तरीही नाकारले, ते जबाबदार. आणि ज्यांच्या कानावर लहानपणापासून फक्त विपर्यस्त, वाईट चित्रच आले, ते पहिल्या गटासारखेच, कारण असे चित्र ऐकून कुणाला शोध घ्यावासा वाटणार?

हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटले. आजी आमच्या खाली तीस वर्षे राहिल्या. आमच्याकडून त्यांना शीरखुर्मा पोहोचला, बिर्याणी पोहोचली. दूरदर्शनवरच्या बातम्यांत इस्लामविषयी जे दाखवले जाई तेही त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. प्रेषितांच्या (स.) चरित्रातले काय पोहोचले? मरियमच्या तसबिरीखाली बसून आम्ही कितीदा चहा प्यायलो, पण आमच्या ग्रंथात मरियमच्या नावाची सूरह आहे, हे आम्ही त्यांना एकदाही सांगितले नाही.

आम्ही मुलीला पुन्हा जवळ बसवले. सांगितले, "बेटा, आजींचा फैसला अल्लाहच्या हातात आहे. त्यांच्यापर्यंत काय पोहोचले, त्यांच्या मनात काय होते, हे तोच जाणतो. तो कुणावर कणभरही जुलूम करत नाही." तिने विचारले, "मग आपण चर्चजवळ उभे राहिलो ते चालते?" आम्ही तिला हदीस सांगितली. एका यहुदी माणसाचा जनाजा जात असताना प्रेषित (स.) उठून उभे राहिले. हा तर यहुदी आहे, असे कुणी म्हटल्यावर त्यांनी, तोही एक जीवच नव्हता का, अशा अर्थाचा प्रश्न केला. मगफिरतची दुआ हा मुसलमानांसाठीचा वेगळा विषय आहे, असे बहुसंख्य उलमा सांगतात. पण सांत्वन करणे, घरच्यांच्या धीरासाठी दुआ करणे, त्यांच्या घरी जेवण पोहोचवणे, हा शेजाऱ्याचा हक्क आहे.

सूरह माइदाच्या शेवटी कयामतच्या दिवसाचे दृश्य आहे. लोकांनी तुला आणि तुझ्या आईला उपास्य बनवले का, असे अल्लाह ईसा (अलै.) यांना विचारतो. ते नाकारतात, आणि आपल्या लोकांचा मामला अल्लाहवर सोपवतात: शिक्षा केलीस तर ते तुझेच बंदे आहेत, क्षमा केलीस तर तू सामर्थ्यवान आणि हिकमतवाला आहेस. हजरत अबू जर (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एका रात्री नमाजमध्ये हीच एक आयत पहाटेपर्यंत पढत राहिले. इतरांच्या नजातचे फैसले जेवणाच्या ताटावर बसून सुनावणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती रात्र आठवावी.

तळमजल्यावर आता आजींचा मुलगा, सून आणि नातवंडे राहतात. या नाताळात ताट वर आले तेव्हा आम्ही खाली गेलो आणि सुनेशी सूरह मरियमविषयी बोललो. त्या म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी कधी सांगितलेच नव्हते." मग त्यांनी आम्हाला बसवून घेतले आणि खूप प्रश्न विचारले. आम्हीही विचारले. मतभेद जिथे होते तिथेच राहिले, पण या वेळी ते दोघांनाही नीट कळले होते.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य समजण्याची, ते आदबीने सांगण्याची आणि त्याप्रमाणे वागण्याची तौफीक देवो. आमीन.